चिमटीत वीस पृथ्व्या

नॅनोक्लोरोप्सिस या समुद्री सूक्ष्मशैवालाची पेशी जेमतेम २ ते ४ मायक्रॉनची. वाळवल्यावर तिचं वजन भरतं सुमारे ६ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले सहा. उलटा भागाकार केला की चिमटीत मावणाऱ्या ग्रॅमभर हिरव्या भुकटीत १६ हजार कोटींहून जास्त पेशी निघतात. पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या आसपास.

पेशी ३ मायक्रॉन व्यासाचा गोल धरली, तर या एका ग्रॅमचं पृष्ठफळ साडेचार चौरस मीटर भरतं. किलोभर भुकटीचं एकराच्या वर जातं! ऊन झेलायला आणि क्षार शोषायला एवढं अंग लाभलेला जीव भराभर वाढला तर नवल नाही.

आत काय असतं? मत्स्यशेतीत वाढवल्या जाणाऱ्या सूक्ष्मशैवालांच्या १६ जाती संशोधक माल्कम ब्राउन यांनी ऑस्ट्रेलियात तपासल्या. निष्कर्ष १९९१ साली छापून आले. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये कोरड्या वजनाच्या ३५ टक्के प्रथिनं, १८ टक्के स्निग्ध पदार्थ, ८ टक्क्यांच्या आत कर्बोदकं. त्याच यादीतल्या टेट्रासेल्मिस या शैवालाची पेशी नॅनोक्लोरोप्सिसच्या सत्तावीसपट जड, तरी प्रथिनं ३१ टक्केच. अंगापिंडात एवढी तफावत असून घडण जवळपास सारखी, हे मला त्या अवाढव्य संख्यांहूनही विलक्षण वाटतं.

अर्थात हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. नायट्रोजन तोडला की नवी प्रथिनं बनवणं अडतं आणि उन्हातून मिळालेली ऊर्जा तेलात साठू लागते. इटलीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये असं उपाशी ठेवून स्निग्धांश ३२ वरून ६० टक्क्यांपर्यंत चढवून दाखवला. माशाच्या तेलातल्या ज्या ओमेगा-३ साठी आपण पैसे मोजतो, तेही मुळात अशाच पेशींनी बनवलेलं; बहुतेक समुद्री मासे ते फक्त खाऊन साठवतात.

या पेशींना पोसायला लागतं तरी किती? गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पोषक मिश्रणावरून आलेली 'एफ बाय टू' ही कृती अजून चालते. तिच्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट आणि फक्त अर्धा मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व बी-१२. ग्रॅमभर बी-१२ वीस लाख लिटर पाण्याला पुरतं.

आता कागदावरची गंमत. एक पेशी रोज दुप्पट झाली, तर ३८ व्या दिवशी ग्रॅम ओलांडते, ५८ व्या दिवशी टन, ६८ व्या दिवशी हजार टन. हौदात मात्र हा हिशेब लवकरच कोलमडतो. गर्दी वाढली की वरच्या पेशींच्या सावलीत खालच्या अडकतात, आणि उघड्या हौदात चौरस मीटरमागे दिवसाला २० ग्रॅम निघाले तरी उत्पादक खूश असतो. हेक्टरला झाले २०० किलो. पण लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम शैवाल असेल, तर ते हाती यायला रोज चार लाख लिटर पाणी गाळा, नाहीतर यंत्रात गरगर फिरवा! भुकटीची किंमत चढते ती इथे. म्हणून माशांची पिल्लं वाढवणाऱ्या कित्येक हॅचऱ्या पाणी वेगळं काढण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. ते हिरवं पाणी जसंच्या तसं पिल्लांच्या टाकीत ओततात.