हॉकीपटू विद्यार्थ्याची ओळख



महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूची आम्हां शिक्षकांना पहिली ओळख होते ती बहुधा हजेरीपटातून, आणि ती फारशी सुखाची नसते. निपाणीचा एक मुलगा पूर्वी माझ्या वर्गात होता. परीक्षा तोंडावर आली असताही तो हॉकीतच दंग आहे, असे त्याचे वडील सांगू लागले. "सर, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा," अशी त्यांनी विनंती केली. ते दोन शब्द सांगण्याकरिताच मी एका सकाळी मैदानावर गेलो.

मैदान मातीचे होते. मुलगा हाफबॅकच्या जागी खेळत होता. गोल करणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेऊन तो पुढे पोचविणाऱ्या हाफबॅककडे क्वचितच जाते. हॉकीच्या काठीला सपाट बाजू एकच असते व गोल पाठीने चेंडू मारणे नियमबाह्य ठरते. त्यामुळे चेंडू डाव्या अंगाला गेला की काठी उलटी फिरवावी लागते, आणि हे सारे कंबरेत वाकून, धावता धावता करावयाचे! शिवाय गोलपुढील अर्धवर्तुळातून मारलेल्या चेंडूवरच गोल होतो. तेथपर्यंत चेंडू नेण्यासाठी आपला सोबती कोठे पोचेल, हे आधीच ताडावे लागते. ज्याला मी उनाडकी समजत होतो, तो एक अभ्यासच होता.

विश्रांतीच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन बसला. त्याची खरी चिंता निराळी होती. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून तो आधी थांबवावा लागतो. मोठे सामने कृत्रिम हिरवळीवर होतात. तेथे चेंडू सरळ व वेगाने येतो. मातीवर अंगवळणी पडलेली सवय तेथे क्षणभर उशीर करते. हे दुःख त्या एकट्याचे नव्हे. 1928 ते 1964 या काळात सात ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा भारत 1976 साली माँट्रियल येथे, ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली तेव्हा, सातव्या क्रमांकावर राहिला.

सीमाभागातील मुलापुढे आणखी एक गुंता असतो. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात असून ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. बेळगावची महाविद्यालये मात्र 2010 साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे येतात. एकाच गल्लीतील दोन मुले आंतरविद्यापीठ सामन्यांत समोरासमोर उभी राहू शकतात.

तरीही या मातीला हॉकी परकी नाही. 1964 साली टोकियोत पाकिस्तानला 1-0 असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते आणि गोलरक्षक होते शंकर लक्ष्मण. शंकर लक्ष्मण जन्माने महूचे. परंतु ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान, आणि त्या पलटणीचे केंद्र बेळगावातच आहे. 1966 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी भारताचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले.

या गोष्टी मी त्या मुलाच्या वडिलांना सांगितल्या. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली. रेल्वे, सेनादले यांत खेळाडूंना जागा मिळतात, पण त्या मोजक्याच. आणि घोट्याची एक दुखापत सारा बेत उधळू शकते. म्हणून पदवी हवीच. मग आम्ही तिघांनी बसून वेळापत्रक आखले : पहाटे मैदान, रात्री दोन तास पुस्तक.

त्याची संघात निवड होईल की नाही, हे मला सांगता येत नाही. परंतु आपल्या घरी असा मुलगा वा मुलगी असेल, तर उपदेशापूर्वी एक सकाळ मैदानावर जाऊन यावे, एवढीच माझी विनंती. मी ते फार उशिरा केले.