नाडी मोजायची ती पूर्ण मिनिटभर

गैरसमज : ठोके सुधारायला दिलेलं औषध ठोके बिघडवणार कसं?

बिघडवतं, आणि हे फार मोठी किंमत देऊन कळलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे अधलेमधले जादा ठोके थांबावेत म्हणून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड दिली जात. १९८९ साली अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत दिसलं की जादा ठोके कमी झाले, पण नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या औषधांवरचे रुग्ण जास्त दगावले. त्यामुळे ईसीजी ‘छान’ दिसला तरी सिस्टरची नजर क्यूटीचं अंतर वाढतंय का, पोटॅशियम-मॅग्नेशियम घसरलंय का, यावर हवी. सोटॅलॉलवरच्या रुग्णाला उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा तापासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून आलं, तर देण्याआधी डॉक्टरांना विचारावं. दोन्ही औषधं क्यूटी वाढवणारीच आहेत.

गैरसमज : बोटाला ऑक्सिमीटर आहे, मग नाडी कशाला मोजायची?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांना ताल नसतो. काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मग बोटावरचं यंत्र ते मोजणार कुठून? पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पळवाट इथे तर हमखास फसवते. स्टेथो छातीच्या डाव्या बाजूला, पाचव्या-सहाव्या बरगडीमधल्या जागेत ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजायचे. एकीने छातीवर, दुसरीने मनगटावर, एकाच घड्याळात मोजलं की दोन आकड्यांतली तफावतही कळते. गर्दीच्या वॉर्डात दुसरी सिस्टर आणायची कुठून, हा प्रश्न रास्तच आहे. पण एकटीला मिनिटभर मोजणं जमतं.

डिगॉक्सिन देण्यापूर्वी तर हे टाळूच नये. मोठ्या माणसाचे ठोके साठच्या खाली असतील, तर डोस थांबवायचा, डॉक्टरांना कळवायचं आणि केस पेपरवर वेळेसकट लिहायचं.

गैरसमज : मळमळतंय, जेवण जात नाही, म्हणजे पित्तच.

आपल्याकडे पोटाच्या निम्म्या तक्रारी पित्ताच्या खात्यावर जमा होतात. डिगॉक्सिन घेणाऱ्या आजींनी अचानक ताट सरकवलं, तर ते औषध अंगात साचल्याचं लक्षण असू शकतं. दिव्याभोवती पिवळट-हिरवट वलय दिसणं हे त्याच्या पुढचं. मूत्रपिंड थकलेलं असलं की औषध साचतं. सोबत लघवीची गोळी असली की पोटॅशियम उतरतं आणि डिगॉक्सिन अधिकच विषारी ठरतं. रक्तातली पातळी तपासायची तर डोसनंतर किमान सहा तासांनी. आधी घेतलेला नमुना उगाच चढा आकडा दाखवतो.

आणि हो, आठवड्यातून पाचच दिवस गोळी सांगितली असेल, तर सुट्टीच्या दिवसाची भरपाई सोमवारी दोन गोळ्यांनी करायची नसते.

गैरसमज : अ‍ॅमिओडॅरोन बंद झालं, आता काळजी मिटली.

हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सरासरी दोनेक महिने लागतात. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणून थायरॉइडची तपासणी लागते. नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर फुप्फुसाची शंका घ्यायची. बाटलीतून देताना ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरतात, आणि हाताची शीर लाल होतेय का हे सारखं बघावं लागतं.

गैरसमज : शिरेतलं औषध नेहमी सावकाशच द्यावं.

अ‍ॅडेनोसिन सावकाश दिलं तर वाया जातं. रक्तात त्याचं अर्धआयुष्य दहा सेकंदांहूनही कमी आहे. कोपराजवळची मोठी शीर, एक-दोन सेकंदांत ६ मिलिग्रॅम, लगेच २० मिलिलिटर सलाईनचा झोत आणि हात वर. डॉक्टर शेजारी आणि शॉकचं मशीन हाताशी हवंच. रुग्णाला आधी सांगून ठेवायचं : “काका, छाती आवळल्यासारखं होईल, जीव घाबरेल, पण काही सेकंदच. मी इथेच आहे.” मॉनिटरवर रेघ क्षणभर सपाट होते, ते पाहायला नातेवाईक नसलेले बरे. ईसीजीचा कागद मात्र औषध ढकलण्याआधीच सुरू करायचा, कारण धावणारा ठोका मुळात कुठून निघत होता, हे त्या थबकलेल्या क्षणांच्या पट्टीवरच डॉक्टरांना दिसतं.