मतमोजणीच्या दिवशी, गणपती पेठेत

4 जून 2024, मंगळवार. सांगलीच्या गणपती पेठेतलं सब-ब्रोकरचं छोटं ऑफिस. भिंतीवर दोन टीव्ही, एकावर मराठी बातम्या, दुसऱ्यावर शेअर बाजार. मधल्या टेबलावर भडंगाची पिशवी फोडून ठेवली आहे. तिला कुणी हात लावत नाही.

काल इथंच पेढे वाटले गेले. एक्झिट पोलच्या आकड्यांवर सेन्सेक्स एका दिवसात अडीच हजार अंकांनी चढला, 76,468 वर बंद झाला. डॉलरही 83.14 पर्यंत उतरला. आज लोकसभेची मतदान यंत्रं उघडली आहेत आणि भाजप बहुमताच्या 272 च्या अलीकडेच घुटमळतोय.

"गेलं, गेलं!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडतं. स्टेट बँक, रेल्वेचे शेअर, संरक्षण कंपन्या, सगळा पडदा लाल. हिंदुस्तान युनिलिव्हर मात्र हिरवं. बाजाराला काय वाटतंय ते या एका रंगात कळतं. सरकारी खर्चावर ज्यांची मदार ते कोसळतायत. साबण मात्र कुणाचंही सरकार आलं तरी लागतोच.

निवृत्त शिक्षक सर खिशातली वही काढून पेन्सिलीनं आकडा टिपतात. "17 मे 2004 ला असंच झालं होतं. डाव्यांच्या पाठिंब्याचं सरकार येणार म्हणून दोनदा व्यवहार थांबवावे लागले. विकू नका, एवढंच सांगतो."

"सर, डॉलर कुठं चाललाय बघा की," बेदाण्याचे व्यापारी अण्णा म्हणतात. रुपया साडेत्र्याऐंशीपलीकडे घसरलाय. अण्णांचा माल बाहेर जातो, बिलं डॉलरमध्ये. त्यांना चार पैसे जास्तच मिळणार.

"तुमचं बरं आहे ओ अण्णा," शेजारचे गृहस्थ म्हणतात. "पोरगी अमेरिकेत शिकायला आहे. ऑगस्टात फी भरायची."

अण्णा गप्प होतात, भडंगाची पिशवी त्यांच्याकडे सरकवतात.

दुपारी सेन्सेक्स सहा हजारांहून अधिक खाली जातो, 70,234. दहा टक्के पडला असता तर नियमानं व्यवहारच थांबले असते. दारापाशी एक तरुण मोबाइल धरून उभा आहे. निफ्टी आणखी चढेल या आशेवर काल त्यानं 23,500 चे कॉल ऑप्शन घेतलेत, मित्राकडून पैसे उसने आणून. काल निफ्टी 23,264 होता, आज 22,000 च्याही खाली. तो अंगठ्यानं पडदा खाली ओढतो, सोडतो, परत ओढतो. प्रीमियम पैशांवर आलाय.

"बाळा, गुरुवारी मुदत संपते नव्हं?" सर विचारतात.

तो मान हलवतो.

बातम्यांच्या टीव्हीवर आता आमची सांगली आहे. महाविकास आघाडीत जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला गेली म्हणून काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, आणि ते लाखाच्या घरातल्या मताधिक्यानं दोन वेळचे खासदार संजयकाका पाटील यांना हरवतायत. गल्लीत फटाके वाजतात, गुलालानं माखलेली पोरं दारावरून जातात. मला या दोन पडद्यांमधलं अंतर आज फार जाणवतं. मतदारानं आपलं काम चोख केलंय. चूक झाली ती निकालाआधीच भाव चुकता करणाऱ्यांची. बाजार कुणा पक्षावर रुसलेला नाही. काल जी पैज लावली, ती आज हरलाय.

साडेतीन. सेन्सेक्स 72,079, म्हणजे 4,389 अंकांची घसरण. संध्याकाळपर्यंत भाजप 240 वर थांबतो, आणि सरकारसाठी ज्यांचा पाठिंबा लागणार ते चंद्राबाबू नायडू नि नितीशकुमार, ही नावं सगळ्यांच्या तोंडी येतात. सर वही मिटून घरी निघतात. त्यांनी आज एकही शेअर विकलेला नाही.

शुक्रवारी, 7 जूनला, सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला, सोमवारच्याही वर. त्या पोराचे कॉल आदल्या दिवशी, गुरुवारी, शून्यावर संपले होते.