लहान कळपातील कोंबड्यांची आनुवंशिक विविधता

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी मांडावीत आणि एकविसाव्या दिवशी त्यांतून आठ-नऊ पिले बाहेर पडावीत, हा खेड्यातील घरोघरचा अनुभव होय. हाच आकडा काही वर्षांत सहावर आणि पुढे चारवर येतो, तेव्हा कोणी मेघगर्जनेला दोष देतो, कोणी अंडी देणाऱ्या शेजाऱ्याला. शिळी अंडी आणि उन्हाळ्यातील उष्मा ही कारणे खरीही असू शकतात. परंतु आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते म्हणजे, गेल्या कित्येक पिढ्यांत त्या खुराड्यात बाहेरचा नर आलेलाच नसतो. थोरला कोंबडा जत्रेला गेला किंवा बाजारात विकला गेला, की त्याचा मुलगा त्याच्या जागी येतो, आणि आपल्या बहिणींशीच त्याचा संयोग होतो.

प्रत्येक पिलाला प्रत्येक गुणाची दोन जनुके मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. काही जनुके घातक असतात. मात्र जोडीचे दुसरे जनुक निकोप असेल तर त्यांचा दोष बहुधा झाकलेला राहतो. आईबाप एकमेकांचे निकटचे नातेवाईक असले म्हणजे तेच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो आणि झाकलेला दोष उघड होतो. त्याचा परिणाम प्रथम अंड्यातच दिसतो. गर्भ कवचातच मरतो, निघालेली पिले अशक्त निपजतात, तलंगा उशिरा अंड्यावर येतात. रोगाचा प्रतिकार करण्याची कळपाची शक्तीही घटते. सर्व पक्षी एकाच घडणीचे असले, तर एकाला मारणारा रोग बहुतेकांना मारू शकतो.

ही हानी किती वेगाने होते, याचे गणित शास्त्रज्ञांनी मांडून ठेवले आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा विद्यार्थी असल्याने आकडेमोडीपासून दूरच राहत आला. पण हे गणित त्यालाही समजले. नरांच्या संख्येची आठपट करून १ला तिने भागावे, माद्यांच्या संख्येचेही तसेच करावे आणि दोन्ही भागाकारांची बेरीज करावी. दर पिढीला निकट रक्तसंबंध किती वाढतो, ते या बेरजेवरून कळते. एक नर व दहा माद्या असतील तर ही वाढ पावणेचौदा टक्के येते. आता माद्या दहांवरून पन्नास केल्या, तरी ती पावणेतेरा टक्क्यांखाली उतरत नाही. उलट, दहाच माद्या ठेवून नर चार केले की ती साडेचार टक्क्यांच्याही आत येते. कळप मोठा दिसला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. त्यात नर किती, यावर पुष्कळसे अवलंबून असते. ही वाढ दर पिढीला एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी, असे जागतिक अन्न व शेती संघटनेचे मार्गदर्शन आहे.

निसर्गातही याचा पडताळा आलेला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात गवताळ रानातील एका रानकोंबडीची संख्या १९६२ साली सुमारे दोन हजार होती. १९९० नंतरच्या काही वर्षांत ती पन्नासाच्याही खाली आली. अधिवासाचे संरक्षण करूनही अंडी उबण्याचे प्रमाण घसरतच होते. १९९२ पासून मिनेसोटा, कॅन्सस व नेब्रास्का या राज्यांतून पक्षी आणून तेथे सोडण्यात आले आणि त्यानंतर अंडी उबण्याचे प्रमाण पुन्हा सुधारले.

आपल्याकडे संख्या एकाएकी खाली आणणारे प्रसंग वारंवार येतात. मानमोडीची साथ आली की वाडीत चार-सहा पक्षी उरतात आणि पुढील सारा कळप त्यांच्यापासूनच वाढतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लूमुळे मोठ्या प्रमाणावर पक्षी नष्ट करावे लागले होते. त्याच सातपुड्याच्या पट्ट्याला लागून झाबुआ-अलीराजपूरकडील कडकनाथ ही काळ्या मांसाची जात आहे. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा जातीला मागणी वाढली म्हणजे थोड्याच पक्ष्यांपासून पुष्कळ पिले काढण्याचा मोह होतो. पिसे व कातडी काळीच राहते, पण वंश आतून अरुंद होत जातो.

यावर सुधारित जातीचा नर आणणे हा उपाय अनेकांना सुचतो. वनराजा, गिरिराजा यांसारखे पक्षी उपयुक्त आहेत आणि संकराची पहिली पिढी बहुधा जोमदार निघते. मात्र दरवर्षी तेच नर आणत गेल्यास गावठी वंशच हळूहळू नाहीसा होतो आणि खुडूक बसून स्वतः पिले काढणारी कोंबडी दुर्मीळ होते. ज्या घरी उबवणीयंत्र नाही, त्या घरचे हे मोठेच नुकसान होय.

वाड्यांची साखळी

त्याहून सोपा मार्ग गावातच आहे. तीन वाड्यांनी एकत्र यावे व प्रत्येकीने चार नर आणि वीस माद्या पैदाशीसाठी राखाव्यात. पहिल्या वाडीत जन्मलेले तरुण नर दुसरीत, दुसरीतील तिसरीत आणि तिसरीतील पहिलीत द्यावेत; तलंगा मात्र आपापल्या वाडीतच ठेवाव्यात. हा फेरा दर पिढीला त्याच दिशेने चालू ठेवावा. प्रत्येक वाडी स्वतंत्र राहिली तर वाढ पिढीमागे पावणेचार टक्के होते. तिन्ही मिळून एक कळप मानल्यास ती सव्वा टक्क्यावर येते. पुढचे नर निवडताना चारही बापांचा एकेक मुलगा घ्यावा. एकाच देखण्या कोंबड्याचे चार मुलगे निवडले तर नर चार दिसतात, पण बाप एकच असतो.

या कामी ग्रामपंचायतीला पैसा फारसा लागणार नाही; नोंदवही मात्र लागेल. ती शाळेतील मुले उत्तम ठेवू शकतील. किती अंडी मांडली, सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात किती स्वच्छ दिसली, किती पिले निघाली, एवढेच लिहावयाचे. स्वच्छ अंडी म्हणजे बहुधा फलनच झालेले नाही. गर्भ धरून पुढे मेलेली अंडी वाढू लागली, तर नात्यातल्या पैदाशीचा संशय घेण्यास जागा आहे.

नर बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नवा नर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून, मानमोडीची लस टोचूनच कळपात सोडावा. नाहीतर वंशाबरोबर रोगही येईल. दुसरे असे की, जुन्या नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकून राहते. म्हणून जुना नर काढल्यानंतर तीन आठवड्यांपर्यंतची अंडी खाण्यासाठी वा विक्रीसाठी ठेवावीत आणि त्यानंतरचीच खुडूक कोंबडीखाली मांडावीत.