गोळी सकाळची, दारू संध्याकाळची!

भीमजयंतीची मिरवणूक संपते, निळे झेंडे गुंडाळले जातात आणि वस्तीच्या मागच्या अंगाला काही मंडळी 'बसतात'. त्यात पन्नाशी ओलांडलेला, चळवळीसाठी उभे आयुष्य झिजवलेला एखादा कार्यकर्ताही असतो. त्याच्या सदऱ्याच्या खिशात बी.पी.च्या गोळ्यांची पट्टी असते. थोड्या वेळाने तो उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कोसळतो. लोक म्हणतात, "आज जास्त झाली." आम्ही म्हणतो, हे अर्धेच सत्य आहे.

उरलेले अर्धे सत्य त्या खिशातल्या पट्टीत आहे. अॅम्लोडिपिनसारखी गोळी रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवते. पोटात गेलेली दारूही सुरुवातीचे काही तास तेच करते. दोन्हींचा जोर एकत्र झाला की उभे राहताच मेंदूला रक्त कमी पडते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, एप्रिलचे ऊन असेल, तर अंगातले पाणीही आटलेले असते. मग चक्कर, पडणे, डोक्याला मार.

दुसऱ्या दिवशी गंमत उलटी होते. भरपूर दारू प्यायल्यावर साधारण १२ तास दाब खाली राहतो आणि १३ तासांनंतर तो वर चढतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात नोंदलेले आहे. रोज पिणाऱ्याचा दाब तर कायमच चढा राहतो. म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचे काम उधळून लावायचे!

यावर आमचे बांधव तोडगा काढतात, "गोळी सकाळी घेतो, दारू संध्याकाळी. दोघांची गाठ पडत नाही." बांधवांनो, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्यांचा असर चोवीस तास असतो. गाठ पडतेच. काहीजण त्याहून शहाणे. ज्या दिवशी प्यायची, त्या दिवशी गोळीच बंद! अशा मोकळ्या सोडलेल्या रक्तदाबातूनच लकवा येतो आणि घरातला कमावता हात लुळा पडतो. त्यानंतर त्या घरातली माऊली धुणीभांडी वाढवते आणि मुलगी कॉलेज सोडते.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. पण ते शील आपण दुसऱ्याच्या पाठीवर ओढायचा कोरडा करून ठेवले आहे. म्हणून पिणारा लाजतो, लपवतो. विहारात लपवतो तसाच दवाखान्यातही लपवतो. डॉक्टर विचारतात, "दारू पिता का?" हा म्हणतो, "नाही." मशीन १६० दाखवते, डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतात आणि पुढच्या बैठकीत तीच वाढलेली गोळी त्याला खाली पाडते. हे खोटे जीव घेणारे आहे.

बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, असे म्हटले आहे. राज्यकर्ते मात्र दारूच्या महसुलावर तिजोरी भरतात. त्यांच्याकडे बोट दाखवू, जरूर दाखवू. पण तोवर आपल्या माणसाला कोण सांभाळणार?

आमचे म्हणणे साधे आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात बी.पी. मोजण्याचे मशीन ठेवा. ज्याचा दाब १४०/९० च्या वर निघेल, त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे खरे सांगायला धीर द्या. गोळी मनाने बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हातपाय थरथरतात, भ्रम होतो, फिटही येऊ शकते. म्हणून तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, पण सोडा!

शील हे माणूस वाचवण्यासाठी आहे. पुढच्या जयंतीला तो कार्यकर्ता मिरवणुकीच्या पुढे, स्वतःच्या पायांवर चालताना आम्हाला पाहायचा आहे.

जयभीम!