युद्धकालीन अधिकारांची मुदत आणि संसदेचा अंकुश

युद्धाच्या निमित्ताने शासनाला दिलेले अधिकार युद्ध संपताच आपोआप संपुष्टात येत नाहीत. ते परत घेण्याची तरतूद विधिमंडळाने आधीच करून ठेवली नसेल, तर त्यांचा शेवट शासनाच्या मर्जीवर अवलंबून राहतो. स्वतंत्र भारताला याची प्रचीती दोनदा आली.

चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी घोषित झालेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. मधले १९६५ चे युद्ध जमेस धरले, तरी ताश्कंद करारानंतर ती आणखी दोन वर्षे चालू होती. ३ डिसेंबर १९७१ ची दुसरी घोषणा दोन आठवड्यांच्या युद्धासाठी होती. ती मार्च १९७७ मध्ये मागे घेतली गेली. अनुच्छेद ३५२ च्या मूळ रूपानुसार दोन्ही सभागृहांनी एकदा मान्यता दिली, की घोषणेला मुदत उरत नसे. शिवाय १९७१ च्या भारत संरक्षण कायद्याचे आयुष्य या घोषणेशी बांधलेले होते आणि त्याच कायद्याने 'मिसा'खालील स्थानबद्धतेची मुदत स्वतःच्या आयुष्याशी जोडून घेतली होती.

या साखळीचा अर्थ बंगळूरमध्ये स्पष्ट झाला. संसदीय समितीच्या कामासाठी तेथे आलेले राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना २६ जून १९७५ रोजी वाजपेयी, अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्यासह 'मिसा'खाली अटक झाली. अंकुश ज्यांनी ठेवायचा, तेच लोकप्रतिनिधी तुरुंगात गेले. त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. खन्ना यांचे भिन्न मत वगळता, आणीबाणीत अशी दाद मागता येत नाही असा निर्णय दिला.

१९७८ मध्ये 'मिसा' रद्द झाला. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाची लेखी शिफारस, विशेष बहुमताची मान्यता व दर सहा महिन्यांनी नूतनीकरण या अटी घातल्या. लोकसभेने साध्या बहुमताने नापसंती दर्शविल्यास घोषणा मागे घेणे बंधनकारक ठरले.

अमेरिकेतील प्रश्न वेगळ्या अंगाचा होता. तेथील काँग्रेसने व्हिएतनाम युद्धाला आधार ठरलेला १९६४ चा टोंकिन ठराव १९७१ मध्ये रद्द केला आणि १९७३ मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून त्यांच्या युद्धविषयक अधिकारांवर मर्यादा घातल्या. भारतात ४४ व्या दुरुस्तीने नागरिकांवरील आणीबाणीच्या सत्तेला मुदत घातली. सैन्य रणांगणावर धाडण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याची अट मात्र राज्यघटनेत नाही.