चाळीतील घराच्या दाराची घरफोडीविरोधी मजबुती

चाळीतील घराच्या दाराची घरफोडीविरोधी मजबुती म्हणजे बाहेरील व्यक्तीस बळाने किंवा युक्तीने आत शिरता येऊ नये यासाठी दार, चौकट, कडी-कोयंडा, कुलूप आणि दारालगतची खिडकी यांत केलेल्या सुधारणा होत. मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील जुन्या चाळींत जीर्ण लाकडी चौकटी, सामायिक गॅलरी आणि भाडेकरूचे मर्यादित हक्क यांमुळे या विषयाला वेगळे स्वरूप प्राप्त होते. घरफोडीच्या मराठी बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि दाराची दुबळी जागा त्यातच सांगितलेली आहे. अशा घटनेत कुलूप पुष्कळदा शाबूत राहते. ते ज्यात अडकवलेले असते ते लोखंड उपटले जाते.

पार्श्वभूमी

वाड्यांच्या दारांना आतून अडसर घालण्याची पद्धत होती. भिंतीत ठेवलेल्या पोकळीतून ओढून घेतलेले आडवे जाड लाकूड दाराच्या दोन्ही फळ्यांमागे बसे. बाहेरून दिलेला धक्का त्यामुळे बिजागऱ्यांवर न येता थेट भिंतीवर जाई. चाळीच्या खोलीत अडसराला जागा उरली नाही. त्याऐवजी आतून खिट्टी किंवा कडी आणि बाहेरून कडी-कोयंड्यात अडकवलेले कुलूप अशी व्यवस्था रूढ झाली.

गिरणगावातील खोल्यांना प्रारंभी कुलपाची गरजही कमी भासत असे. एकाच खोलीत अनेक कामगार राहत आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे त्यांचे येणे-जाणे चालू असे, त्यामुळे खोलीत कोणी ना कोणी असेच. कुटुंबे राहत असलेल्या चाळींत दिवसभर उघडी दारे आणि गॅलरीतील वर्दळ हीच राखण होती. बाहेरगावी जाताना किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली जाई. ही व्यवस्था सर्वांत उणी पडे ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्याच्या सुटीत. कोकणातील कुटुंबे एकाच वेळी गावी जात आणि एकाच मजल्यावरील अनेक दारांना बाहेरून कुलपे दिसत. बाहेरचे कुलूप दार बंद ठेवते, पण घरात कोणी नसल्याची वर्दीही देते.

लालबाग आणि कुलूप

भारतीय कुलूपनिर्मितीचा एक महत्त्वाचा टप्पा याच परिसरात घडला. वकिली सोडलेले आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबाग येथे एका लहानशा शेडमध्ये कुलपे बनविण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनविण्याचा उद्योग करून पाहिला होता. तो टिकला नाही. मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांविषयीची बातमी वाचून ते कुलपांकडे वळले, असे सांगितले जाते. पुढे हा उद्योग तिजोऱ्यांकडे वळला आणि कालांतराने विक्रोळीस गेला.

या काळात विश्वासार्ह मानली गेलेली कुलपे लिव्हर पद्धतीची होती. अशा कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. योग्य किल्ली प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलते, सर्व खाचा एका रेषेत येतात आणि तेव्हाच खटका सरकतो. एकही पट्टी कमी किंवा अधिक उचलली गेली तर कुलूप उघडत नाही. म्हणूनच कुलपावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे छापलेले असते. मात्र ही संख्या केवळ दुसऱ्या किल्लीने किंवा तारेने कुलूप उघडणे किती कठीण आहे हे सांगते. कटावणीपुढे कोयंडा किती टिकेल, याविषयी ती काहीच सांगत नाही. ग्राहक मात्र बहुधा तिच्यावरच निर्णय घेतात.

दाराच्या दुबळ्या जागा

कडी आणि कोयंडा लहान स्क्रूंनी बसविलेले असतात. कटावणीचे टोक कोयंड्यामागे घालून दाबले की तरफेच्या तत्त्वाने हाताचे बळ कित्येक पटींनी वाढते आणि ते सर्व त्या दोन-चार स्क्रूंवर एकवटते. स्क्रू पन्नास-साठ वर्षे जुन्या लाकडात असतील, तेच कोयंडे त्याच छिद्रांत पुन्हा पुन्हा बसविलेले असतील, तर लाकडाची पकड आधीच गेलेली असते. ज्यांच्या स्क्रूंची डोकी बाहेरून दिसतात, अशा पट्ट्यांना तर कटावणीचीही गरज नसते. साधा पेचकस पुरतो.

मुंबईचा पावसाळा या दुबळेपणात भर घालतो. जून ते सप्टेंबर या काळात लाकूड ओलावा शोषून फुगते आणि दार चौकटीत अडकू लागते. मग सुतार बोलावून त्यावर रंधा फिरवला जातो. पाऊस संपल्यावर लाकूड आकसते आणि दार व चौकट यांत फट पडते. याच फटीत हत्यार शिरते. चौकटीचा तळ फरशी धुण्याच्या पाण्याने कुजतो, काही ठिकाणी वाळवी लागते. वरून तैलरंगाचे थर चढलेले असल्याने चौकट धड दिसते, पण टाचणी किंवा पेचकस टोचल्यास आत भुसा हाती येतो.

जुन्या चाळींतील दोन फळ्यांच्या दारांची अडचण निराळी आहे. एक फळी वरच्या आणि खालच्या खिट्टीने स्थिर केलेली असावी लागते. खालच्या खिट्टीचे भोक धुळीने बुजलेले असेल, तर कुलूप कितीही भारी असले तरी दोन्ही फळ्या एकत्र आत ढकलता येतात.

दारालगतची गॅलरीकडील खिडकी हाही दाराचाच भाग समजावा लागतो. गज विरळ असल्यास हात किंवा काठी आत घालून आतली कडी काढता येते. दारावरील झरोक्यालाही हेच लागू होते.

मजबुतीचे उपाय

प्रथम चौकट तपासणे आवश्यक असते. कुजलेल्या चौकटीवर महाग कुलूप बसविणे व्यर्थ आहे. चौकट भिंतीला होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत सिमेंटने पक्क्या केलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असावी. त्या सैल झाल्या असल्यास चौकटीतून भिंतीत जाणारे लांब अँकर बोल्ट बसवितात. गिरगावातील लाकडी सांगाड्याच्या इमारतींत भिंतीचा भराव ठिसूळ असू शकतो. तेथे जाणकार सुताराकडून किंवा गवंड्याकडून पाहणी केल्याशिवाय भोके पाडणे योग्य नाही. बीडीडी चाळींच्या भिंती काँक्रीटच्या असल्याने तेथे अँकर चांगला धरतो.

कोयंडा आणि अलड्रॉप स्क्रूऐवजी फळीतून आरपार जाणाऱ्या गोल डोक्याच्या बोल्टांनी बसवून आतील बाजूस पोलादी पट्टी व नट लावल्यास बळ एका छिद्राऐवजी पट्टीच्या सर्व क्षेत्रावर विभागले जाते. सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत उपेक्षित. कुलुपासह वापरण्याच्या पोलादी अलड्रॉपसाठी भारतीय मानक आयएस २८१ उपलब्ध आहे.

दारात बसविलेले कुलूप बाहेरून घर बंद असल्याचे दाखवत नाही, हा त्याचा मोठा लाभ. मात्र नुसते ओढून बंद होणारे लॅच पुरेसे नसते. त्याची जीभ तिरपी आणि स्प्रिंगवर चालणारी असल्याने फटीतून प्लास्टिकची कडक पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. किल्लीचा फेरा देऊन बाहेर येणारा चौकोनी खटका अशा रीतीने मागे जात नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानाही किल्ली फिरवणे हिताचे. पातळ फळीत आतून खाच पाडून कुलूप बसविल्यास तेथेच दार कमजोर होते. अशा दारास पृष्ठभागावर बसणारे कुलूप अधिक योग्य ठरते.

बाहेर उघडणाऱ्या जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या गॅलरीत येतात. त्यांच्या खिळा ठोकून काढता येऊ नयेत म्हणून टोके वेल्ड करतात.

आतून सुटका

मजबुतीची मर्यादा येथे येते. जाळीच्या दाराला रात्री आतून कुलूप लावून किल्ली दूर खिळ्याला अडकविण्याची सवय आगीच्या वेळी घातक ठरू शकते. धुरात किल्ली सापडत नाही, आणि जे दार चोराला रोखते तेच अग्निशमन दलालाही रोखते. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या अग्निसुरक्षाविषयक भागात बाहेर पडण्याची दारे आतून किल्लीशिवाय उघडता यावीत, असे तत्त्व घातलेले आहे. लाकडी जिन्याच्या आणि मोडकळीस आलेल्या इमारतींत त्याचे महत्त्व अधिक आहे. भेंडी बाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी आणि डोंगरीतील केसरबाई इमारत १६ जुलै २०१९ रोजी कोसळली. जुन्या मुंबईत घर तातडीने सोडण्याची वेळ येणे ही दूरची शक्यता नाही. आतील बाजूस कुलुपाऐवजी हाताने फिरणारी मूठ किंवा खटका असावा.

कायदेशीर बाबी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या असून शिक्षा कलम ३३१ मध्ये आहे. अतिक्रमणासाठी कुलूप उघडून आत शिरणे हीदेखील घरफोडीच होय. त्यासाठी काही मोडलेले असावे लागत नाही. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस अधिक कठोर शिक्षा आहे. राहत्या घरातील चोरी कलम ३०५ खाली येते.

दार बदलल्यास मालक खोली खाली करायला लावील, अशी भीती पागडीच्या भाडेकरूंत आढळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मधील स्पष्टीकरणानुसार, आवश्यक तेथे महापालिकेच्या परवानगीने केलेले दार, जाळीकाम किंवा लाकडी आडभिंत ‘कायमस्वरूपी बांधकाम’ गणली जात नाही. सामायिक गॅलरी अडवून ग्रिल लावण्यास मात्र हे संरक्षण गृहीत धरता येत नाही.

पुनर्विकासानंतर

वरळीतील बीडीडी चाळींच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाताना गॅलरी मागे राहते. उंच इमारतींत लाकडी दारापुढे सेफ्टी डोअर, दारातील भिंग आणि प्रवेशद्वाराशी पहारेकरी अशी व्यवस्था असते. मजल्यावर मात्र दिवसभर कोणाचेही लक्ष नसते, आणि बंद दारांआड चाललेला कटावणीचा आवाज शेजाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.